खांब क्रमांक चारशे सतरा

एकतीस वर्षं मी सभेचं इतिवृत्त लिहितो.
कोण काय बोललं, ते नाही;
काय बोललं गेलं असं ठरलं, ते.
फरक पहिल्याच महिन्यात नगरसचिवांनी शिकवला,
लाल शाईच्या पेनानं.

त्या दिवशी त्रेचाळीस अंश.
पंखे नुसतेच ऊन ढवळत होते.
पाणी चार दिवसाआड की पाच, यावर दोन तास गेले,
मग भटकी कुत्री, आणि मग मध्येच
अनसूयाबाई गाजूल उभ्या राहिल्या,
पूर्व भागाच्या, पहिल्यांदा निवडून आलेल्या,
बोटांना अजून तेंदूपानाचा वास.

म्हणाल्या, अंबादास चिट्याल,
वय तेवीस, टॉवेलच्या मागावर कामाला,
सोमवारी रात्री चौकीत चालत गेला,
मंगळवारी रिक्षातून आडवा आला.
ह्याचा जाब कुणी द्यायचा ओ?

कुणीतरी खुर्ची सरकवली.
महापौर चष्मा पुसत म्हणाले,
ताई, पोलीस खातं गृह विभागाकडं.
आपल्याकडं गटार, दिवे, जन्म-मृत्यू.
मी लिहिलं: विषय सभेच्या कक्षेबाहेर.
हे वाक्य मला पाठ आहे.
वर्षातून चार-पाचदा लागतं.

त्या बसल्या नाहीत.
"बरं, जाब नको. हिशेब तर विचारू?
चौकीची जागा कुणाची?"
आपली.
"नळ?"
आपलाच. सात वर्षांची पट्टी थकलेली.
"आणि दारासमोरचा खांब, चारशे सतरा?
त्याच्यावरला कॅमेरा?"

विद्युत विभागाचे मोमीनसाहेब उठले,
सरळ माणूस, निवृत्तीला नऊ महिने.
आपल्याच निधीतला, म्हणाले. बिलही आपणच भरतो.
"त्या रात्रीचं?"
मोमीनसाहेबांनी फाईल चाळली, परत चाळली.
"मीटर वेगळं आहे, ताई. रोजचं रीडिंग येतं.
त्या रात्री फिरलंय."

बाहेर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं,
ते अख्ख्या सभागृहाला ऐकू आलं.
कारण सकाळच्याच पेपरात होतं,
कॅमेरा आठवडाभर बंद.

"कारखान्यात," अनसूयाबाई म्हणाल्या,
"तपासनीस आमच्या विड्यांतनं छाट काढायचा.
हजारात शंभर. कारण सांगायचा नाही.
एकदा मी छाट मागून घरी आणली,
एकेक सोडून बघितली.
चांगल्या होत्या.
तवापासनं मी मोजून घेते."
एवढंच. आणि बसल्या.

चहाच्या बशीखालून चिठ्ठी आली:
सदर भाग कामकाजातून वगळावा.

मी बरंच वगळलंय.
एक पूल वगळलाय. दोन बायकांचं रडणं.
एका कंत्राटदाराचं नाव, सलग अकरा वर्षं.
छाट काढायची, कारण लिहायचं नाही,
पगार वेळेवर.

रात्री ऑफिसात एकच ट्यूब चालू ठेवून
विषय क्रमांक नऊ, दिवाबत्ती, याखाली लिहिलं:
खांब क्र. ४१७ वरील कॅमेऱ्याचा वीजवापर
दि. ७ रोजी रात्री सुरू असल्याचे
विद्युत विभागाने सांगितले.
नोंद घेण्यात आली.

पोलीस हा शब्दच नाही त्यात.
कक्षेबाहेरचं काही नाही.
लाल पेन त्या ओळीवर थांबलं, असं मला वाटलं,
मग पुढं कुत्र्यांकडं गेलं.

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले असे समजून कायम झालं.
हात वर, हात खाली. दोन मिनिटं.

त्यानंतर बाराव्या दिवशी त्याची आई आली.
पानाला दोन रुपये, छप्पन पानं.
मी म्हटलं, एकच घ्या. एकतिसावं.
तिनं नाणी टेबलावर मांडली, वाचता येत नाही म्हणाली,
ह्यात माझ्या पोराचं नाव कुठाय?

नव्हतं.
मी खांबाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

तिनं मला तो वाचायला लावला.
मग स्वतःशी, तिच्या भाषेत, दोनदा:
नालुगु वंदल पदिहेडु.
नालुगु वंदल पदिहेडु.
कागदाची बारीक घडी केली
आणि कनवटीला खोचली.